मदतीसाठी दौड : घरच्या माणसांनी भरवलेली शर्यत

चॅरिटी रन म्हणजे एखाद्या लोकोपयोगी कामासाठी पैसा उभा करण्याकरता सार्वजनिक रस्त्यावर भरवलेली धावण्याची शर्यत. मराठीत तिला मदतदौड म्हणता येईल. धावणारे प्रवेशशुल्क भरतात, काहीजण ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या जमवतात आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम रुग्णालय, शाळा, अनाथालय किंवा पूरग्रस्तांसाठी दिली जाते. बोलण्यात अशा प्रत्येक शर्यतीला ‘मॅरेथॉन’च म्हणतात, मग ती तीन किलोमीटरची का असेना. खऱ्या मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्पर्धक एवढे धावले आणि पुढे हेच अंतर कायम झाले. मदतदौडी बहुधा तीन, पाच, दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या असतात. एकाच घरातील आजी, सून आणि नातू तिघांनाही पळता यावे, म्हणून लहान अंतरे मुद्दाम ठेवली जातात.

खेळ आणि लोकवर्गणी यांचे नाते कोल्हापूरच्या परिसराला जुनेच आहे, फक्त पूर्वी पैशाचा प्रवाह उलट दिशेने वाहत असे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्या वर्षीच्या भारतीय चमूमागे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती आणि सर दोराबजी टाटा यांचा पुढाकार होता. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांना गावोगाव हात पसरावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. तेव्हा समाज खेळाडूसाठी वर्गणी काढत होता, मदतदौडीत खेळाडू समाजासाठी वर्गणी काढतो.

या उलट्या प्रवाहाचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडातले आहे. कर्करोगामुळे एक पाय गमावलेला टेरी फॉक्स हा तरुण १९८० मध्ये कर्करोग संशोधनाला निधी मिळावा म्हणून कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, मग रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. वाटेत त्याचा धाकटा भाऊ त्याला येऊन मिळाला होता. टेरी १९८१ मध्ये गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या टेरी फॉक्स दौडीत स्पर्धा नसते आणि बक्षिसेही नसतात. टेरीची ही इच्छा त्याच्या कुटुंबाने पुढे जपली.

महाराष्ट्रात हा प्रकार रुजवण्यात २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनचा वाटा मोठा आहे. तिथे स्वयंसेवी संस्था नावे नोंदवतात आणि धावणारे त्यांच्यासाठी देणगीदार शोधतात. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याने धावते. ‘लोकमत’ची महामॅरेथॉन २०१८ मध्ये कोल्हापुरातही आली. बारामतीच्या शर्यतीची एक हकिकत तर पुढे चित्रपटातही आली. बुलढाणा जिल्ह्यातील लता भगवान करे पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून २०१३ मध्ये साठी उलटलेल्या वयात नऊवारी लुगड्यावर अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्यावरील चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. औषधपाण्याची गरज आणि शर्यतीचा रस्ता किती जवळ येऊ शकतात, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

मोठ्या शहरातील शर्यत व्यावसायिक कंपनी भरवते. लहान शहरात बहुतेकदा तीन-चार घरे मिळून ती अंगावर घेतात. कोणाचा दीर पोलीस खात्यात असतो, कोणाच्या वहिनी शाळेत शिक्षिका असतात, काकांचे छपाईचे दुकान असते. नावनोंदणीची वही एकाकडे, पैशाचा हिशोब दुसऱ्याकडे, रस्त्याची आखणी तिसऱ्याकडे अशी वाटणी होते. आदल्या रात्री दिवाणखान्यात बैठक मारून छातीवर लावायचे क्रमांक, म्हणजे बिब, आणि त्यासोबतच्या पिना पाकिटांत भरण्याचे काम चालते. यात लहान मुलांचा उत्साह सर्वांत दांडगा असतो, पण क्रमांक उलटसुलट होऊ नयेत म्हणून एका मोठ्या माणसाने शेवटी पाकिटे पुन्हा तपासावी लागतात. कोल्हापूरची आणखी एक जमेची बाजू म्हणजे पेठापेठांतील तालमी. गणपतीची मिरवणूक आणि शाहू स्टेडियमवरील फुटबॉलची गर्दी हाताळलेली तालमींतली मुले चौकाचौकात उभी राहिली की रस्ता निम्मा सुरक्षित होतो.

कुटुंबाच्या या फुकट श्रमाला भावनेपलीकडे रोख किंमत असते, हे साध्या हिशोबाने कळते. पुढील आकडे केवळ समजण्यापुरते मांडलेले आहेत. समजा, ६०० धावकांनी प्रत्येकी ५०० रुपये भरले, तर तीन लाख जमले. प्रत्येकामागे टी-शर्टला १७०, पदकाला ९०, बिबला १५, वेळ मोजणाऱ्या चिपला ८० आणि नाश्ता-पाण्याला ७० रुपये लागले, तर खर्च ४२५ रुपये होतो. म्हणजे दोन लाख ५५ हजार तिथेच संपले. उरलेल्या ४५ हजारांतून मांडव, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका आणि फलक भागवायचे. ज्याच्या नावाने दौड झाली त्याच्या हाती काहीच पडत नाही. आता टी-शर्ट आणि चिप वगळली आणि घरच्या बायकापुरुषांनी रात्रभर खपून उप्पीट, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि केळी असा नाश्ता ३५ रुपयांत बसवला, तर माणशी खर्च १४० रुपयांवर येतो. शिल्लक दोन लाख १६ हजारांवर जाते. प्रायोजक मिळाले तर उत्तमच, पण टी-शर्टच्या पाठीवर दहा दुकानांची नावे छापण्यापेक्षा टी-शर्टच न देणे हा मार्ग अनेकदा अधिक प्रामाणिक ठरतो.

चिप नसली तरी वेळ नोंदवता येते. अंतिम रेषेवर एकजण फक्त घड्याळाकडे पाहून प्रत्येक आगमनाची वेळ क्रमाने लिहितो. दुसरा त्याच क्रमाने बिबचे आकडे लिहितो. धावकांना दोरीच्या अरुंद वाटेतून एकामागून एक सोडतात, म्हणजे क्रम मोडत नाही. नंतर दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की निकाल तयार होतो. सहाशे धावकांपर्यंत ही पद्धत चालते, मात्र लिहिणाऱ्या दोघांशी कोणी गप्पा मारायला जाता कामा नये.

पैसा गोळा करण्याला कायद्याची चौकट आहे आणि ती कोल्हापूरकरांना अनोळखी नाही. नोंदणीकृत नसलेल्या व्यक्तींना किंवा गटाला धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे वर्गणीची परवानगी याच कलमाखाली घेतात. देणगीदाराला करसवलत हवी असेल, तर पावती ‘८०जी’ची मान्यता असलेल्या संस्थेचीच लागते आणि दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. प्रवेशशुल्काच्या बदल्यात धावकाला पदक आणि नाश्ता मिळतो, त्यामुळे ते शुल्क म्हणजे देणगी नव्हे. म्हणून दोन खाती वेगळी ठेवणे शहाणपणाचे असते. शुल्क आयोजकांकडे यावे आणि देणगी थेट लाभार्थी संस्थेच्या खात्यात जावी. घरातल्या कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइलवर पैसे घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. नात्यांतली शंका बहुधा इथूनच सुरू होते.

रस्ता निवडताना रंकाळा सर्वांना पहिला आठवतो. तलावाची प्रदक्षिणा सुमारे चार किलोमीटरची आहे, वाटेत रंकाळा टॉवर आणि शालिनी पॅलेस लागतात, सकाळी हवा थंड असते आणि फिरायला येणारे आपोआप प्रेक्षक होतात. अडचण वाहनांची आहे. दौडीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा आणि नेमका तोच उसाच्या गळिताचा. गगनबावडा आणि राधानगरी या दोन्ही रस्त्यांवर कुंभी-कासारी आणि भोगावती कारखान्यांचा ऊस वाहणारे, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. पहाटेच्या अंधारात धावणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतो, पण ट्रॅक्टरवाल्याला मागच्या ट्रॉलीशेजारून पळणारे मूल दिसत नाही. त्यामुळे मार्ग ठरवणाऱ्याने सर्वेक्षण दुपारी न करता शर्यतीच्या वेळेला, शर्यतीच्याच वारी करायला हवे. रविवारी स्पर्धा परीक्षा असेल तर केंद्रांकडे जाणारे रस्तेही मोकळे ठेवावे लागतात, आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांचा विचार निराळाच.

अंतर मोजण्याकडे घरगुती आयोजनात सर्वाधिक दुर्लक्ष होते. मोबाइल किंवा मनगटी घड्याळ उपग्रहांवरून अंदाज बांधते, झाडी आणि इमारतींमुळे तो चुकतो. जगभर मान्य पद्धत सायकलची आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे छोटे यंत्र लावतात. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील अभियंता ॲलन जोन्स यांनी त्याची रचना केली आणि त्यांचा मुलगा क्लेन ती यंत्रे बनवू लागला. रस्त्याच्या मोजणीची ही मूळ साधनेही एका घरातच तयार झाली आहेत. आधी पोलादी फितीने किमान ३०० मीटरचा सरळ पट्टा आखतात. त्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढतात, मग मार्ग मोजतात आणि पुन्हा चार वेळा त्या पट्ट्यावर येतात, कारण ऊन वाढले की टायरमधली हवा फुगते आणि आकडा बदलतो. मोजणी वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतरावरून, म्हणजे धावणाऱ्याला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने करतात. मार्ग आखूड भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. दहा किलोमीटरसाठी हा वाढीव हिस्सा दहा मीटरचा होतो. एवढे जमणार नसेल, तर पत्रकावर ‘सुमारे पाच किलोमीटर’ असे लिहावे. मुलगा वर्षभर सराव करून आपली वेळ सुधारतो, त्याला आखूड रस्त्यावरचा खोटा विक्रम देणे बरे नाही.

परवानग्यांची यादी लांब असली तरी सरळ आहे. वाहतूक पोलीस, महापालिका आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे ते खाते यांना वेळेत अर्ज द्यावा लागतो. एक बाब मात्र हमखास विसरली जाते. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. साडेपाचला सुरू होणाऱ्या दौडीला शिट्टी आणि हाताने धरलेला झेंडा पुरतो. जानेवारीत कोल्हापूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यामुळे लहान मुलांची दौड उजाडल्यावरच ठेवावी.

वैद्यकीय तयारीत काटकसर करायची नसते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना किंवा लगेच नंतर बंद पडले आणि ४२ दगावले. धोका दुर्मीळ आहे, पण अशा घटना मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात अधिक आढळल्या, आणि जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केली त्यांची वाचण्याची शक्यता वाढली. कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हटले की छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवते. स्वयंसेवकांना त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ, छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची रीत, हातांनी करून शिकवायला हवी. रुग्णवाहिका सुरुवातीच्या मांडवापाशी उभी न ठेवता अंतिम रेषेजवळ, बाहेर पडायला मोकळी वाट असेल तिथे ठेवावी. १०८ क्रमांकाच्या सेवेला आधी कळवलेले असावे. पाणी दहा किलोमीटरपर्यंतच्या शर्यतीत दर दोन-तीन किलोमीटरवर आणि त्यापुढच्या अंतरात सुमारे पाच किलोमीटरवर ठेवतात. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी स्टीलचे पेले आणि ते विसळायला दोन माणसे, ही सोय घरच्या आयोजनातच शक्य होते.

घरातल्या सर्वांनी एकत्र धावायचे तर वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरावा. अमेरिकेतील डिक हॉइट यांनी १९७७ मध्ये मुलगा रिक याला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत पाच मैलांची एक मदतदौड पूर्ण केली. एका जायबंदी खेळाडूसाठी ती दौड होती. रिकचा जन्मापासून हातापायांवर ताबा नव्हता. पुढे बापलेक बोस्टन मॅरेथॉन तीसहून अधिक वेळा धावले. अशा जोडीला चालता येईल असा रस्ता हवा. गतिरोधक, खडी आणि अरुंद वळणे आधी पाहून चाकाच्या खुर्च्यांना पाच मिनिटे आधी सोडले, की मागून येणाऱ्या वेगवान धावकांशी टक्कर होत नाही.

शेवटचा धावक आला की दुसरे काम सुरू होते. मागून येणाऱ्या गाडीबरोबर दोन मुले चालत रिकामे पेले, केळीच्या साली आणि दिशादर्शक फिती उचलत येतात. रस्त्यावर चुन्याने मारलेले बाण पुसून टाकतात. आठवडाभरात जमाखर्च मांडला जातो. किती शुल्क आले, कोणत्या दुकानाला किती दिले, संस्थेला किती गेले आणि तिची पावती कोणत्या क्रमांकाची, हे सर्व एका पानावर लिहून प्रत्येक धावकाला पाठवतात. वहीच्या उरलेल्या पानांवर त्या वर्षीच्या चुका उतरवतात. कोणत्या चौकात माणूस कमी पडला, कुठल्या वळणावर बाण दिसला नाही, लाडू किती उरले, पाणी कुठे संपले. पुढच्या वर्षीची पहिली बैठक तीच वही उघडून सुरू होते.