व्यवसायवाचक नामे आणि लिंग : एक उदाहरण

व्यवसायवाचक नामामागे लिंगदर्शक पद का जोडले जाते, हे एका उदाहरणावरून पाहू. १९७९ साली अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर 'फ्लॅटबेड ॲनी अँड स्वीटीपाय : लेडी ट्रकर्स' हा खास दूरचित्रवाणीसाठी निर्मिलेला चित्रपट प्रसारित झाला. रॉबर्ट ग्रीनवाल्ड दिग्दर्शित या चित्रपटात ॲनी पॉट्स आणि किम डार्बी यांच्या प्रमुख भूमिका आहेत. कर्जावरील ट्रक जप्त होऊ नये म्हणून दोन स्त्रिया स्वतः मालवाहतूक करतात, हे त्याचे कथासूत्र.

'ट्रकर' हे इंग्रजी नाम लिंगनिरपेक्ष आहे. तरीही शीर्षकात 'लेडी' हे पद आले. कारण नुसते 'ट्रकर' म्हटल्यास पुरुषच गृहीत धरला जातो. अशा गृहीत रूपास 'अचिन्हित', तर वेगळेपण दर्शविणाऱ्या रूपास 'चिन्हित' म्हणतात.

मराठीत क्रियापदही लिंग सांगते : 'चालक आला', 'चालक आली'. दुसऱ्या वाक्यातील चालक स्त्री आहे, हे स्पष्टच आहे. तरीही पुष्कळदा 'महिला चालक आली' असे म्हटले जाते. येथे 'महिला' हे पद नवी माहिती देत नाही. ते बोलणाऱ्याचे नवल व्यक्त करते. कर्जाचे हप्ते आणि वेळेत माल पोहोचविण्याची चिंता कोणत्याही चालकापुढे असते. त्या दोघींना वेगळे ठरविते ते काम नव्हे, समाजाची अपेक्षा होय.

स्वयं-अध्ययन : आजच्या वृत्तपत्रातून अशी तीन चिन्हित रूपे शोधा. त्यांतील लिंगदर्शक पद वगळल्यास अर्थात काय उणे होते, ते लिहा.