समुद्राकडे पाठ फिरवणाऱ्या नद्या

दोन देश, दोन गोलार्ध : भाग ६

दहावीच्या भूगोलाने महाराष्ट्रातल्या लाखो मुलांची ब्राझीलशी ओळख करून दिली आहे. २०१८ पासूनचे राज्य मंडळाचे पुस्तक भारत आणि ब्राझील याच जोडीवर बेतलेले आहे. त्यामुळे ब्राझील क्षेत्रफळाने जगात पाचवा आणि भारत सातवा, तिकडे दर चौरस किलोमीटरला जेमतेम २४ माणसे (२०२२ ची जनगणना) आणि इकडे ३८२ (२०११ ची), ही उत्तरे कुणीही घडाघडा सांगेल. परीक्षेतले रकाने भरायला एवढे पुरते. पण अख्ख्या देशाच्या सरासरीत डोंगर, नद्या आणि माणसे एकमेकांत मिसळून सपाट होतात, आणि तुलनेतली खरी गंमत निघून जाते.

मागच्या भागात गंगेचे मैदान आणि ॲमेझॉनचे खोरे शेजारी ठेवून पाहिले. तिथे साम्य शोधावे लागत होते. या वेळच्या जोडीत फरक शोधावा लागतो. एकीकडे आपला सह्याद्री. दुसरीकडे ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगत उभी असलेली सेरा दो मार ही डोंगररांग.

साओ पावलो राज्यात सालेसोपोलिस नावाचे गाव आहे. तिथे तिएते नदी उगम पावते. अटलांटिक महासागर तिथून फक्त २२ किलोमीटरवर आहे, पण नदी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती उलट दिशेने आत निघते, साओ पावलो शहरातून वाहते आणि सुमारे १,१०० किलोमीटर चालून पॅराना नदीला मिळते. पॅराना दक्षिणेला वळते, अर्जेंटिनात शिरते आणि ब्युनोस आयर्सजवळ समुद्र गाठते. समुद्र तोच, अटलांटिक! उंबऱ्याशी असलेल्या समुद्राला भेटायला तिएतेच्या पाण्याने तीन हजार किलोमीटरहून मोठा फेरा मारलेला असतो. मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटणार नाही. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. महाबळेश्वरची कृष्णा आणि भीमाशंकरची भीमा याच वाटेच्या.

कारणही दोन्हीकडे जवळपास एकच. भारत आणि दक्षिण अमेरिका हे दोन्ही गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे. खंड फाटतात तेव्हा फाटलेल्या कडा अनेकदा वर उचलल्या जातात. आफ्रिकेपासून सुटताना ब्राझीलची कड अशी उचलली गेली. मादागास्कर आणि मग सेशेल्सपासून सुटताना भारताची. पठार एका बाजूने विटेचा टेकू दिलेल्या पाटासारखे झाले. समुद्राच्या बाजूला ताशीव कडा, आतल्या बाजूला सौम्य उतार. पाणी उताराने जाणार, म्हणजे समुद्राकडे पाठ फिरवूनच जाणार.

साम्य इथे संपत नाही. दोन्ही पठारांवर लाव्हाचे थर पसरले आहेत. पॅरानाच्या खोऱ्यातला लाव्हा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मात्र एक बारीक फरक आहे आणि तो नजरेला लगेच दिसतो. महाराष्ट्रातला सह्याद्रीचा कडा स्वतःच बेसॉल्टचा आहे. आडवे थर, उभे कातळ, वर सपाट माची. किल्ला बांधायला निसर्गाने अर्धे काम आधीच केलेले. सेरा दो मारचा कडा त्याहून कितीतरी जुन्या ग्रॅनाइट-नाइसचा, आणि बेसॉल्ट त्याच्या मागे, आतल्या भागात. रिओच्या समुद्रकाठी उभा असलेला ‘शुगरलोफ’ याच जुन्या खडकाचा, म्हणून तो गुळगुळीत घुमटासारखा. त्यावर राजगड उभा राहिला नसता.

एवढी सारखी भिंत असताना तिच्या भोवतीची माणसे इतकी वेगळी का वसली? उत्तर खडकात सापडत नाही. ही भिंत कुणी कोणत्या बाजूने ओलांडली, यात ते आहे.

दख्खनमध्ये वस्ती, शेती आणि सत्ता आधी पठारावर रुजली. सातवाहनांचे पैठण गोदावरीकाठी. तिथला माल नाणेघाटातून खाली उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. घाटातला ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे आहेत. म्हणजे इथे पठाराला समुद्र हवा होता. मुंबई मोठी झाली ती फार नंतर, आणि तीही वरचा कापूस खाली यायला लागल्यावर.

ब्राझीलमध्ये चाल नेमकी उलटी. वर तुपी आणि इतर मूलनिवासी होते, त्यांच्या पायवाटाही होत्या. पण पोर्तुगीज जहाजातून उतरले ते खाली. साल्व्हादोर (१५४९) आणि रिओ ही त्यांची शहरे किनाऱ्यावर. कडा चढून वर वसलेली साओ पावलो ही १५५४ मधली जेझुइट वसाहत दीर्घकाळ आडबाजूचे गाव राहिली. समुद्राकडे उतरणे अवघड आणि नदी आत वाहणारी, म्हणून तिथली माणसे तिएतेच्या काठाकाठाने आत शिरली. ‘बांदेरांतिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टोळ्या मूलनिवासींना पकडून गुलाम करत, सोने शोधत. ब्राझीलचा नकाशा पश्चिमेला एवढा फुगला, त्यात त्यांचा मोठा हात आहे. साओ पावलोत त्यांचे भव्य स्मारक आहे आणि त्या स्मारकावर अधूनमधून लाल रंगही ओतला जातो. दोन्ही गोष्टी रास्त कारणानेच होतात, असे म्हणायला हवे.

घाट मात्र दोन्हीकडे एकाच काळात, एकाच देशाच्या, ब्रिटनच्या, भांडवलाने आणि जवळपास एकाच हेतूने फोडले गेले. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, सांतोस बंदरातून साओ पावलोकडे चढणारी १८६७ मध्ये. इकडे कापूस, तिकडे कॉफी. दोन्ही पिके बेसॉल्टच्या मातीतली: कमी पावसात ही माती काळी राहिली, जास्त पावसात निचरून लालसर झाली. ब्रिटिश अभियंत्यांनी बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ ठेवला आणि वाटेत गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधले. सेरा दो मारवर सुमारे ८०० मीटरची चढण अवघ्या आठ किलोमीटरमध्ये होती. तिथे ही युक्ती चालली नसती. चार टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यावर वाफेचे स्थिर इंजिन बसवून, डबे दोराने ओढून वर घेतले. बोरघाटात कामावर हजारो मजूर पटकी-तापाने गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेलही भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि कंत्राट त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने पुढे चालवले. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात.

आता पावसाकडे. इथे दोन्ही भिंतींचे नशीब वेगळे होते.

समुद्राकडची बाजू दोन्हीकडे ओलीचिंब. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; सेरा दो मारच्या काही उतारांवर चार हजारांहून अधिक. पण भिंतीच्या मागे गेले की पुण्याला सातशे-साडेसातशे, आणि आणखी पूर्वेला माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. साओ पावलोला मात्र १,४०० च्या पुढे! पर्जन्यछाया तिथे कुठे गेली? ती दुसऱ्या बाजूने भरून निघते. ॲमेझॉनचे जंगल हवेत सोडत असलेली वाफ पश्चिमेला अँडीजवर अडते आणि आग्नेयेकडे वळते. ब्राझीलचे हवामानशास्त्रज्ञ या प्रवाहांना ‘उडत्या नद्या’ म्हणतात. शिवाय दक्षिणेकडून थंड हवेच्या लाटा येतात. म्हणजे साओ पावलोच्या पठाराला पाणी देणारे दाते अनेक आहेत. दख्खनला मुख्य दाता एकच, नैर्ऋत्य मोसमी वारा, आणि तोही चार महिन्यांचा. परतीच्या पावसाने थोडा हात दिला तर दिला.

ब्राझीलला दुष्काळ माहीत नाही असे मात्र नाही. तो पार ईशान्येला, सेर्ताव नावाच्या काटेरी झुडपांच्या प्रदेशात राहतो. आणि इथे दोन्ही देशांचा इतिहास एका तारखेला एकमेकांना भिडतो. १८७६ मध्ये दख्खनचा पाऊस चुकला, १८७७ मध्येही ओढ लागली. सोलापूर, नगर, सातारा, विजापूर होरपळले. त्याच १८७७ पासून सेर्तावमधल्या सेआरा प्रांतात पावसाने दोन-तीन वर्षे पाठ फिरवली. दोन्हींच्या मुळाशी प्रशांत महासागरातला एकच प्रबळ एल निनो होता, हे कळायला पुढे शंभर वर्षे गेली. दोन्हीकडे माणसे लाखांनी मेली. पुण्यात सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सेआरातले फोर्तालेझा शहर निर्वासितांनी भरले आणि मागोमाग देवीची साथ आली; कित्येक जण बोटीत बसून ॲमेझॉनच्या रबराच्या जंगलात गेले. उपायही सारखेच निघाले, धरण आणि कालवा. नीरेचा डावा कालवा दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला. सेआरामध्ये सम्राट दुसऱ्या पेद्रोने मनावर घेतलेले सेद्रो धरण पुरे व्हायला १९०६ साल उजाडले. तोवर सम्राटही गेला होता आणि साम्राज्यही.

नद्या समुद्राकडे पाठ फिरवतात, हे विसाव्या शतकातल्या अभियंत्यांना रुचले नाही. पठारावर पाणी, शेजारी पाच-सातशे मीटरचा कडा, आणि पाणी चालले आहे विरुद्ध दिशेला! त्यांनी ते परत फिरवले. टाटांच्या खोपोली केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले, एरवी पूर्वेला गेले असते ते पाणी नळांतून कोकणात कोसळू लागले. ब्राझीलमध्ये ‘लाइट’ नावाच्या कॅनेडियन कंपनीसाठी बिलिंग्ज या अमेरिकन अभियंत्याने याहून धाडसी बेत केला. सांतोसजवळच्या कुबातांव इथे १९२६ मध्ये वीजघर सुरू झाले, आणि पुढे तिएतेची उपनदी पिन्येरोस चक्क पंपांनी उलटी वाहवली गेली. साओ पावलोच्या पाण्याने ७०० मीटरहून अधिक उंचीवरून उडी घेऊन थेट समुद्र गाठला.

दोन्हीकडे किंमत मोजावी लागली, पण वेगवेगळ्या नाण्यात. मुळशीत ती जमिनीची होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, धरण तरी झालेच. साओ पावलोत ती घाणीची होती: शहर वाढले, नदीत सांडपाणी आले, आणि उलट्या नदीने ते वरच्या जलाशयात नेऊन टाकले. अखेर १९९२ पासून हे पंपिंग पूर टाळण्यापुरते मर्यादित करण्यात आले. कोयनेचा वाद अजून ताजा आहे. १,९०० मेगावॉटहून मोठ्या या प्रकल्पाचे पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरते. कृष्णा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. माण-सांगोल्यासारखे तालुके तहानलेले असताना कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेला का सोडायचे, हा प्रश्न दर कोरड्या वर्षी वर येतो. साओ पावलोच्या पठारावर पाऊस पुरेसा, म्हणून तिथे भांडण पाण्याच्या शुद्धतेचे. इथे पाण्याच्या मालकीचे.

जाता जाता एक देवघेव. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचा काजू पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि तो कोकणाचा होऊन गेला. सह्याद्रीचा फणस त्यांनी तिकडे नेला. रिओमधले तिजुका जंगल कॉफीसाठी तोडले गेले होते. शहराचे झरे आटू लागल्यावर १८६१ पासून ते पुन्हा लावण्यात आले. आज त्या जंगलात फणस इतका माजला आहे की वनखाते त्याला उपद्रवी परका मानते. कोकणातल्या आजीला हे सांगून पटणार नाही.

दोन्ही भिंती अजून झिजताहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तिथल्या उन्हाळी पावसाळ्यात, सेरा दो मारच्या पायथ्याशी किनाऱ्यावर असलेल्या साओ सेबास्तियांवच्या परिसरात २४ तासांत ६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. उतार सुटले आणि साठाहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. खडक वेगळे, गोलार्ध वेगळे, पण ओल्या मातीचे गणित एकच. उतारावर कोण राहत होते, हे पाहिले की मघाची चढ-उताराची कथा पुन्हा दिसते. साओ सेबास्तियांवमध्ये किनाऱ्याची सपाट जमीन शहरी श्रीमंतांच्या सुटीतल्या घरांनी घेतली. त्या घरांत राबणारे, बरेचसे दुष्काळी ईशान्येतून आलेले लोक डोंगराच्या अंगावर सरकले. इर्शाळवाडी ही ठाकरांची जुनी वस्ती. तिथली माणसे कुठून येऊन चढली नव्हती, खालचा रस्ताच त्यांच्यापर्यंत चढला नव्हता.

(पुढील भागात : किनाऱ्याकडून आत गेलेली राजधानी. १९६० चे ब्रासीलिया आणि १९११ मध्ये जाहीर झालेली नवी दिल्ली.)