दोन नव्या वर्षांच्या मधली गोधडी

डिसेंबर सरत आला की घरोघरी नवं कॅलेंडर भिंतीवर लागतं आणि त्याच्याबरोबर संकल्पही सुटतात. पहाटे उठायचं, हिशेब रोजच्या रोज लिहायचा, वजन उतरवायचं! तिळगुळाचा डबा रिकामा होईपर्यंत यातलं किती टिकतं, ते ज्याचं त्यानं जाणावं. पण मैत्रिणींनो, आपली एक चैन आहे. आपल्याला नवी वर्षं दोन मिळतात, एक जानेवारीतलं आणि एक पाडव्याचं. मधले तीनएक महिने एखादं काम हाती घेऊन तडीस न्यायला अगदी बेताचे असतात. यंदा मी त्या दिवसांसाठी दोन कामं धरली आहेत. घरातल्या जुन्या साड्यांची एक गोधडी शिवायची आणि कधीकाळी आवडलेली पुस्तकं पुन्हा वाचायची. दोन्हींसाठी बाजारात जावं लागतं ते फक्त दोऱ्यापुरतं.

“गोधडी? आता कोण शिवत बसतं?” असं म्हणाल. ब्लँकेटं, रजया हव्या तशा मिळतात, हे खरंच आहे. पण वीस वर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती साडीचा स्पर्श कुठल्या दुकानात मिळायचा? कोल्हापूर-सोलापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. बाळासाठी केलं तर ते दुपटं. उत्तर कर्नाटकात येल्लापूर-हल्याळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, आणि पुष्कळसे पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आणले गेलेले. त्यांच्या बायका गोधडीला कडेकडेनं टाके घालत, चौफेर फिरत मध्यावर येऊन संपवतात आणि चारही कोपऱ्यांना चिंध्यांच्या घड्या घालून फुलं लावतात. फुलांशिवायची गोधडी त्यांना उघडीबोडकी वाटते म्हणे. मला ही गोष्ट फार आवडली!

आता कृतीकडे वळू. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे कापले की पदराकडचा दीडएक मीटर उरतो. अशा दोन सुती साड्या घ्या. एकीचे दोन्ही तुकडे लांबीला जोडले की गोधडीची वरची बाजू होते, दुसरीची खालची. आत जुन्या चादरींचे एक किंवा दोन थर पुरेत. जास्त घातले तर सुई जाता जात नाही आणि बोटांची दैना होते. नायलॉन, जॉर्जेट यांना हात लावू नका. ती कापडं थरात सरकतात आणि घामही टिपत नाहीत. जरीचं काहीही नको, अंगाला टोचतं.

सगळे थर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर धान्याचे डबे ठेवा आणि मधून कडेकडे लांब लांब कच्चे टाके घालून घ्या. इथे घाई केली तर पुढे फुगे येतात. मग जाड सुती दोऱ्यानं धावदोऱ्याच्या ओळी, दोन बोटांच्या अंतरानं. अशा साठ-पासष्ट ओळी होतात. रोज एक ओळ घातली तर पाडव्याच्या आत गोधडी तयार! मी अर्धा दिवस शाळेत शिकवते, घरी वह्यांचे गठ्ठे असतात, तरीही एका ओळीपुरता वेळ निघतो.

कठीण असतं ते साडीला कात्री लावणं. आमची आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या सुती साड्या ट्रंकेत तशाच होत्या. मी विषय काढला तशी धाकटी बहीण म्हणाली, “ताई, आईच्या साडीला कात्री? तुझं मन तरी कसं होतं गं?” मी काही बोलले नाही. ट्रंक उघडून तिची रोजच्या नेसणीतली निळी साडी उलगडली. घडीघडीवर ती विरून गेली होती, बोट लावलं तिथे फाटत होती. नुसत्या ठेवलेल्या सुती कापडाचं असंच होतं, हे कपाटं भरून ठेवणाऱ्या सगळ्यांना सांगायला हवं. बहीण बराच वेळ ती साडी मांडीवर घेऊन बसली. मग तिनंच बाकीच्यांतल्या दोन धड निवडल्या. पदर मात्र दोघींनी एकेक वाटून घेतले, ते कापायचे नाहीत.

आता पुस्तकांचं. हात टाक्यात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. रविवारी बहीण येते, ती वाचते आणि मी शिवते. सुरुवात केली ती आईच्या प्रतीवरून, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून. बी.ए.ला असताना मी हे पुस्तक वाचलं तेव्हा वडिलांच्या सोवळ्याच्या आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या हकिकतींना पोट धरधरून हसले होते. तेवढंच लक्षात राहिलं होतं. आता कळतं की १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि ही बाई कित्येक वर्षं नवऱ्यावाचून राहिली, ते सांगतानाही तिची लेखणी हसायची थांबत नाही. आईच्या प्रतीत नेमक्या या पानांच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ आहे. बाबांच्या बदल्या आडगावी होत आणि आई आम्हा दोघींना घेऊन शाळेसाठी मागे राहायची. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. ती रेघ आली तशी बहीण वाचता वाचता थांबली. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही, ओळ मात्र मी पुरी केली.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. लहानपणी आपण ती श्यामच्या बाजूनं वाचतो. स्वतःला मुलं झाल्यावर वाचून पाहा, तीच गोष्ट निराळी लागते. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ कुंतीसाठी आणि गांधारीसाठी पुन्हा काढावं. एकेक लेख एका बैठकीत होतो. आणि पाडव्यासाठी मी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ राखून ठेवलं आहे. १९५६ सालच्या या पुस्तकात महिन्याला एक असे लेख आहेत आणि आरंभ चैत्रापासून, तेव्हा पुढचं वर्षभर पुरतं.

हो, धुण्याचं राहिलंच. गोधडी पहिल्यांदा एकटीच गार पाण्यात भिजवा, जुन्या साड्यांचाही रंग सुटू शकतो. पिळू नका, टाके ओढले जातात. पाणी निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून, उलटसुलट करत दोन दिवस कडक ऊन द्या.