तीन काड्यांचा त्रिकोण

खराट्याच्या तीन काड्या घ्या: 6, 7 आणि 8 सेंटिमीटरच्या. टोकाला टोक लावून त्रिकोण करा आणि तेवढ्याच मापाच्या तीन काड्या शेजारच्यालाही द्या. तो कसाही मांडू दे. उचलून, फार तर पालथा करून ठेवला की त्याचा त्रिकोण तुमच्या त्रिकोणावर नेमका बसतो. चार काड्यांचं तसं नाही. चौकट कोपऱ्यात दाबली की कलते; बाजू त्याच, कोन मात्र बदललेले. म्हणून तर सुतार डुगडुगत्या चौकटीला तिरकी पट्टी ठोकतो.

शाळेत याला 'बाबाबा' कसोटी म्हणतात: तिन्ही संगत बाजू एकरूप, तर त्रिकोण एकरूप. पाठ सगळ्यांनाच असते. नुसत्या बाजूंनी कोन कसे काय बांधले जातात, हे मात्र फळ्यावर क्वचितच येतं. युक्लिडने पहिल्या पुस्तकाच्या 8व्या प्रमेयात एक त्रिकोण दुसऱ्यावर ठेवून ते दाखवलं. मला त्याहून बायझँटियमच्या फिलोच्या नावावर सांगितली जाणारी वाट आवडते.

त्रिकोण कखग काढा, सगळ्यांत मोठी बाजू खग तळाशी. दुसरा त्रिकोण पालथा करून त्याच बाजूला खालून चिकटवा. त्याचा शिरोबिंदू प. आता कप जोडा. खक आणि खप सारख्या, म्हणजे त्रिकोण खकप समद्विभुज. त्याचे क आणि प जवळचे कोन सारखे. ग कडूनही तेच. वरच्या दोन तुकड्यांची बेरीज म्हणजे क चा पूर्ण कोन, खालच्या दोघांची प चा. दोन्ही सारखे! दोन बाजू आणि मधला कोन जुळला. पुढचं काम 'बाकोबा' कसोटीचं. (मोठीच बाजू का चिकटवायची? म्हणजे कप ही रेघ खग ला ख आणि ग यांच्या मध्येच छेदते, आणि कोनांची बेरीज करता येते.)

युक्लिडने लगेच 9व्या प्रमेयात हीच कसोटी कोन दुभागायला वापरली. आपण कंपासने करतो तेच: कोनाच्या शिरोबिंदू अ वरून कंस मारला, तो भुजांना ब आणि क मध्ये छेदतो, ब आणि क वरून सारख्याच त्रिज्येचे कंस मारले, ते ड मध्ये भेटतात, मग अड जोडली. अब आणि अक सारख्या, बड आणि कड सारख्या. इथे मुलं अडतात, कारण तिसरी जोडी दिसत नाही. अड ही दोन खोल्यांमधली भिंत आहे. इकडचीही तीच, तिकडचीही तीच. कारणाच्या रकान्यात 'सामाईक बाजू' लिहायचं.