स्पायडर प्लांटचा जीव मुळांत

पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले, की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांतून नाशिकच्या बाजारात रानभाज्या उतरू लागतात. त्यांत गवतासारख्या लांब, कोवळ्या पानांच्या जुड्या दिसतात. ही फोडशी; कुणी तिला कुलीची भाजी म्हणतात. मातीचा कण राहू नये म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायची, बारीक चिरायची आणि कांद्यावर परतून मूगडाळीसोबत शिजवायची. याच शहरात गंगापूर रोड, इंदिरानगरकडच्या फ्लॅटांमध्ये खिडकीशी पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची एक कुंडी हमखास लोंबत असते. ती स्पायडर प्लांटची. रानातली भाजी आणि दिवाणखान्यातले शोभेचे झाड, दोन्ही क्लोरोफायटम या एकाच वंशातली. तेवढ्यावरून कुंडीतली पाने कढईत घालू नयेत, हे मात्र आधीच सांगितलेले बरे.

स्पायडर प्लांट मूळचा आफ्रिकेचा. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग याने केप प्रांतातील वनस्पतींचे वर्णन करताना १७९४ मध्ये त्याची नोंद केली. आज त्याला क्लोरोफायटम कोमोसम म्हणतात. सह्याद्रीतही या वंशाच्या बऱ्याच जाती आहेत. सफेद मुसळी त्यांतलीच. तिच्या ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ या नावात चक्क आपले बोरिवली आहे. १९५० च्या दशकात फादर सान्तापाव आणि फर्नांडिस या अभ्यासकांनी ते नाव दिले.

या भावंडांचे खरे साम्य जमिनीखाली आहे. मुसळीची जी मुळे औषधासाठी खणतात, ती जाड आणि मांसल असतात. पाऊस सरला की वरची पाने वाळून जातात आणि झाड पुढच्या पावसापर्यंत या साठ्यावर जमिनीत तग धरते. घरातला स्पायडर प्लांट वर्षभर हिरवा राहतो, पण त्याचीही मुळे तशीच पांढरी, फुगीर आणि पाणी साठवणारी. त्याची सगळी निगा इथून सुरू होते.

पाणी: बोटाने विचारा

ज्याच्याकडे स्वतःचा साठा आहे, त्याला रोज पाणी पाजले तर मुळे कुजतात. घरातली बहुतेक झाडे दुर्लक्षाने नव्हे, लाडाने जातात. मातीत बोट दोन पेरे खुपसावे. ओल लागली तर पाणी नको. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा पाणी लागेल, पावसाळ्यात आठवड्यातून एकदाही पुरते, थंडीत त्याहून कमी. द्यायचे तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावे आणि बशीतले पाणी ओतून टाकावे.

शेंडे का करपतात?

सर्वाधिक तक्रार पानांच्या तपकिरी टोकांची. कोरडी हवा हे एक कारण, पण अनेकदा दोष पाण्यातल्या क्षारांचा असतो. द्राक्षबागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. खारवट पाण्याने वेलीच्या पानांच्या कडा जळतात म्हणून तो पाणी तपासून घेतो आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो. कुंडीत खुंट बदलता येत नाही, पाणी बदलता येते. बोअरचे जड पाणी टाळावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरिन उडून जाते. क्षार आणि फ्लोराइड मात्र तसेच राहतात. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून झाडांना घातले जाते. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, तेव्हा ते फरशी पुसायला वापरावे. पावसाचे साठवलेले किंवा एसीतून गळणारे पाणी झाडाला चांगले. करपलेले टोक कात्रीने तिरके कापता येते, पण ते पुन्हा हिरवे होत नाही. महिना-दोन महिन्यांतून कुंडीत भरपूर साधे पाणी ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत.

माती, जागा, खत

निफाडकडची काळी माती द्राक्षाला आणि कांद्याला पोसते. कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे. कोकोपीटही आधी धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असू शकतात. मुळे इतकी जोरकस असतात, की प्लास्टिकची कुंडी फुगते, कधी तडकतेही. माती वर उचलली गेली की एकाच आकाराने मोठी कुंडी द्यावी. फार मोठीत ओल रेंगाळते.

जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नको. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेला उन्हाळ्यात पडदा हवा. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातले नीचांकी तापमान हिवाळ्यात बातमीत येऊ लागले, की गॅलरीतली कुंडी रात्री आत घ्यावी. दहा अंशांखाली वाढ थंडावते. खत उन्हाळा-पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुरे: लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९. थंडीत खत नको. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा.

हवा शुद्ध होते का?

नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी १९८० च्या दशकात बंद पेटीत या झाडाची चाचणी घेतली आणि त्याने फॉर्मल्डिहाइड शोषल्याचे दिसले. तेव्हापासून नर्सरीवाले ‘हवा शुद्ध करणारे झाड’ म्हणून ते विकतात. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॅरिंग यांनी जुन्या प्रयोगांचा हिशेब मांडला. खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला चौरस मीटरमागे किमान १० झाडे लागतील, असे निघाले. म्हणजे शंभर चौरस फुटांच्या खोलीत नव्वदहून अधिक कुंड्या! दिवाळीच्या रंगकामाचा वास घालवायला खिडकी उघडणेच बरे. मांजर-कुत्र्यांना हे झाड विषारी नाही, हा गुण मात्र खरा.

वाटायला तयार पिल्ले

दिवस लहान झाले की या झाडाला लांब दांडे फुटण्याचा कल वाढतो. त्यांवर सहा पाकळ्यांची बारीक पांढरी फुले येतात आणि पुढे टोकाशी पिल्ले धरतात. नाशिकला सप्टेंबरअखेरीपासून दिवस बारा तासांहून लहान होतो, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस यासाठी अनुकूल. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसले, की दांडा न तोडता शेजारच्या कुंडीतल्या मातीवर ते टेकवावे. तीन-चार आठवड्यांत रुजल्यावर दांडा कापावा. अशी एक कुंडी पुढच्या भाऊबीजेला बहिणीकडे देता येते. सोबत एकच सूचना द्यावी: पाणी घड्याळ बघून नव्हे, माती चाचपून घाल.