गर्भनिरोधक गोळी आणि तपस्येचे दिवस

पर्युषणात वा घरच्या लग्नात पाळी येऊ नये म्हणून गोळी घेण्याची पद्धत जैन घरांत नवी नाही. ही गोळी बहुधा ‘नोरेथिस्टेरॉन’ या एकाच संप्रेरकाची असते. ती गर्भनिरोधक नव्हे. संयुक्त गर्भनिरोधक गोळी निराळी. तिच्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. जाऊबाईंना मानवलेली गोळी धाकटीला दिली की घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळणारी ‘माला-एन’ ही संयुक्त गोळीच होय. तिच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. संप्रेरकांमुळे बीजांड बाहेर पडत नाही आणि गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो. न चुकता घेतल्यास वर्षभरात शंभरांपैकी एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. प्रत्यक्षात गोळ्या चुकतात, म्हणून हे प्रमाण सुमारे सात होते.

आरंभी मळमळ, डोकेदुखी, स्तनांत जडपणा, मधूनच रक्ताचे डाग अशा तक्रारी संभवतात. त्या बहुधा तीन महिन्यांत ओसरतात. दुसरीकडे रक्तस्राव व पोटदुखी कमी होते. बीजांडकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मात्र किंचित वाढतो आणि गोळी थांबवल्यावर हळूहळू उतरतो.

खरी चिंता रक्ताच्या गुठळीची. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांपैकी वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हा धोका याहूनही अधिक असतो. म्हणजे बहुतेकींना गोळी सुरक्षित आहे. मात्र काहींनी ती घेऊच नये. पूर्वी गुठळी झालेली, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठणारी, यकृताचा गंभीर विकार वा स्तनाचा कर्करोग असलेली, पस्तिशीनंतर धूम्रपान करणारी स्त्री त्यांत येते. रक्तदाब १४०/९० वा अधिक असल्यास आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजत असल्यास दुसरा उपाय निवडणे बरे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात.

तपस्या करणाऱ्या भगिनींनी आणखी एक हिशेब ध्यानी घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीची वेळ न ठेवता नवकारशीनंतरची ठरावीक वेळ निवडावी. एका उपवासाला एक गोळी राहिली, तर पारण्याच्या दिवशी ती घेऊन पुढचा क्रम तसाच चालवावा. सलग दोन वा अधिक गोळ्या राहिल्या, तर पुढचे सात दिवस निरोधसारखे दुसरे साधन वापरावे. संप्रेरकांविना सात दिवसांपेक्षा अधिक काळ जाऊ नये, हा या गोळीचा मूळ नियम आहे. अट्ठाई आठ दिवसांची असते. त्यामुळे ती लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्याला जोडून केली तरीही ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणून पच्चक्खाण घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

एका पायाला सूज व वेदना, छातीत कळ, अचानक धाप, असह्य डोकेदुखी, दृष्टी वा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही जाणवल्यास गोळी बंद करून तत्काळ रुग्णालय गाठावे. उपवास चालू आहे म्हणून थांबू नये.

गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घेण्यास पाच मिनिटे लागतात. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई वा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय अथवा घरचे डॉक्टर, यांपैकी कोठेही हे होऊ शकते. आईला, मावशीला कधी गुठळी झाली होती का, अर्धशिशी आहे का, हे तेथे संकोच न करता सांगावे. एकीला मानवलेली गोळी दुसरीला मानवेलच असे नाही. ते ठरते या पाच मिनिटांत.