‘गॅसेस’ म्हणून सोडून देऊ नका!

पोट फुगलंय? गॅसेस. दोन घासांत पोट भरतंय? ॲसिडिटी. सारखं बाथरूमला जावं लागतंय? ऑफिसचा एसी! आपल्याकडे असल्या तक्रारींचं निदान करायला डॉक्टर लागतच नाही. आईकडे ओवा असतो, आपल्या ड्रॉवरमध्ये ॲसिडिटीची गोळी. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते पुरतंही.

मला बोलायचंय ते उरलेल्या थोड्या वेळांबद्दल. म्हणजे ओव्हरीच्या, बीजांडकोशाच्या कॅन्सरबद्दल. भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनंतर याचा नंबर तिसरा. २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षभरात सुमारे ४७ हजार नव्या केसेस. तरी गप्पांमध्ये याचं नाव क्वचितच निघतं. कारण साधं आहे. बदामाएवढे हे दोन अवयव ओटीपोटात खोल असतात. स्तनातली गाठ हाताला लागते, इथली लागत नाही. आजूबाजूला मोकळी जागा भरपूर, त्यामुळे गाठ वाढली तरी बराच काळ काही जाणवत नाही. म्हणूनच अनेकींचं निदान आजार पोटात पसरल्यावर होतं.

चार तक्रारी, बारा दिवस

पण हा आजार अगदीच मुका नाही. अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पेशंट्सच्या तक्रारींचा हिशेब मांडला. पोट फुगणं किंवा पोटाचा घेर वाढणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, पटकन पोट भरणं किंवा जेवण न जाणं, हे त्यांच्या यादीत होतं. सारखी किंवा घाईची लघवी ही चौथी तक्रारही डॉक्टर यात धरतात.

आता म्हणाल, हे तर मला दर महिन्याला होतं! बरोबर. फरक ‘नवं’ आणि ‘सततचं’ या दोन शब्दांत आहे. तक्रार वर्षभराच्या आतली असेल आणि महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस टिकत असेल, तर गायनॅककडे जायचं आणि सोनोग्राफीबद्दल विचारायचं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर बारा दिवसही थांबायचं नाही.

धोका पन्नाशीनंतर वाढतो. म्हणजे हे वाचताय तुम्ही, पण लक्ष ठेवायचंय आईवर, मावशीवर, सासूबाईंवर. अर्थात तरुण वय म्हणजे विमा नव्हे. मनीषा कोईरालाला हा कॅन्सर झाल्याचं २०१२ मध्ये कळलं, तेव्हा ती ४२ वर्षांची होती. न्यूयॉर्कमध्ये तिच्यावर उपचार झाले. २०१८ मध्ये तिनं त्यावर ‘हील्ड’ हे पुस्तक लिहिलं आणि २०२४ मध्ये ती ‘हीरामंडी’त दिसली.

चेकअप पॅकेजमध्ये होईल ना?

नाही होणार. पॅप स्मिअर गर्भाशयमुखासाठी असते, ओव्हरीचा कॅन्सर शोधायला ती उपयोगाची नाही. सीए-१२५ ही रक्ततपासणी एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, अगदी पाळीतसुद्धा वाढलेली दिसू शकते. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर ही तपासणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं करून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे तक्रार असताना या टेस्ट हव्यातच, पण काही त्रास नसताना ‘नॉर्मल’ रिपोर्ट आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि हो, पीसीओडी आहे म्हणून झोप उडवून घेऊ नका. तरुणपणी सोनोग्राफीत दिसणाऱ्या बहुतेक सिस्ट साध्या असतात.

आत्यालाही मोजा

ओव्हरीचा कॅन्सर काही घरांत वारशानं येतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जीन्समधला दोष त्यात सगळ्यात महत्त्वाचा. सर्वसाधारणपणे शंभरातल्या एकीला किंवा त्याहून थोड्या जास्त जणींना आयुष्यात हा आजार होतो. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल, तर शंभरातल्या चाळीसेक जणींना. आपण मात्र फक्त आईकडची नाती मोजतो. हा दोष वडिलांकडूनही येतो!

आमच्या घरी आत्याबद्दल एकच वाक्य होतं : ‘पोटात पाणी झालं आणि गेली.’ मी बाबांना खोदून विचारलं. जुन्या फाइलीत बायोप्सीचा रिपोर्ट निघाला, त्यावर ओव्हरीचं नाव होतं. जेनेटिक काउन्सेलरनं आधी बाबांची टेस्ट करायला सांगितली. दोष निघाला. मग आम्हा दोघी बहिणींची. प्रत्येकीला पन्नास टक्के शक्यता, सरळ नाणेफेक. माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. धाकटीचा पॉझिटिव्ह. त्या दिवशी माझा आनंद मी तिच्यासमोर बोलू शकले नाही.

ती २९ वर्षांची आहे, आजारी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, मुलं होऊ दे, मग ३५ ते ४० च्या दरम्यान ओव्हरीज आणि नलिका काढायचा विचार करू. अँजेलिना जोलीनं २०१५ मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली होती, तिची आई २००७ मध्ये याच आजारानं गेली. निर्णय सोपा नाही, पाळी एकदम थांबते. पण आत्याला निवड करायची संधीच मिळाली नाही. बहिणीला आहे.

आणि निदान झालंच तर?

आधी शस्त्रक्रिया, दिसेल तेवढी गाठ काढायची. मग केमो, बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी एक अशा साधारण सहा सायकल्स. कधी केमो आधी, शस्त्रक्रिया नंतर. बीआरसीएचा दोष असेल, तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या आहेत. कॅन्सरपेशींची डीएनए दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असते, गोळी दुसरीही अडवते. तरुण मुलींमधल्या काही प्रकारांत एकच ओव्हरी काढून भागतं, पुढे मूलही होऊ शकतं.

अमेरिकेतली आकडेवारी बोलकी आहे. आजार ओव्हरीपुरताच असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी हयात असतात. सगळ्या पेशंट्स एकत्र धरल्या, तर निम्म्याच.

या वीकएंडला एवढंच करा

* आईला विचारा : पोटाचा काही नवा त्रास? किती दिवसांपासून? कॅलेंडरवर खुणा करा.
* आजी, मावशी, आत्या, काका कशानं गेले, कितव्या वर्षी, ते लिहून काढा. स्तनाचा कॅन्सरही मोजा, पुरुषांमधलासुद्धा.
* यादीत ओव्हरीच्या कॅन्सरची एक जरी केस असली, तरी जेनेटिक काउन्सेलिंगबद्दल डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर आजारी व्यक्तीची टेस्ट आधी.
* गर्भनिरोधक गोळ्यांनी हा धोका कमी होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी स्वतःहून सुरू करू नका.
* ऑपरेशन ठरलं, तर ते गायनॅक-ऑन्कोलॉजिस्टकडूनच करून घ्या.